दुखणारी शीर तोडून का टाकत नाहीत?

“ती दुखणारी शीरच तोडून टाका म्हणावं त्या डॉक्टरला. एकदाची कटकट जाईल.”

मावशी हे मला रिक्षात म्हणाली, मुंबई नाक्याच्या सिग्नलला. तिची लाईट चालू होऊन तिसरा आठवडा लागला होता. लाईट म्हणजे रेडिएशन. ओपीडीच्या बाकांवर कोणी शेक म्हणतं, कोणी करंट म्हणतं, पण निफाड तालुक्यातल्या आमच्या माणसांत लाईटच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मावशीची पिशवी काढली होती. पुढे तपासणीचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर परत उलटू नये म्हणून लाईट घ्यावी लागेल. सोमवार ते शुक्रवार रोज, पाचेक आठवडे, सोबत आठवड्याला एक केमोचं सलाईन. निफाडहून रोज जाऊन-येऊन करणं तिच्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून ती इंदिरानगरला माझ्याकडे राहिली. काका तिकडेच. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती, कांद्याचं उळं टाकायचं होतं. मावशीचा निम्मा जीव त्या उळ्यात अडकलेला.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात कोणाला शिंक आली तरी स्पष्टीकरण माझ्याकडे मागतात. मावशीच्या या प्रश्नाचं उत्तर मात्र मला सिग्नल सुटेपर्यंत देता आलं नाही. प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. खरोखरच कोणीतरी उंदरांच्या आतड्याच्या दुखणाऱ्या नसा आधी मारून टाकल्या, मग आतड्याला लाईट दिली आणि काय होतं ते पाहिलं. ते सगळं नीट लिहून काढावं म्हणून ही पोस्ट.

आधी त्रास कसला ते सांगते. पहिले दहा-बारा दिवस मावशी टुणटुणीत. “यात काय एवढं, नुसतं टेबलावर झोपायचं,” असं म्हणून शेजारच्या काकूंना धीर देऊन यायची. मग पोटात मुरडा सुरू झाला. जेवण पोटात गेलं की कळ, कळ आली की पळ. पोट साफ झालं तरी परत कुंथावंसं वाटायचं, आणि आतून कोणी मिरची चोळल्यासारखी आग. मिरचीचा शब्द तिचा आहे. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

लाईटच्या आधी बायकांना पाणी प्यायला लावतात. दोन-तीन ग्लास पाणी प्यायचं, मग अर्धा-पाऊण तास लघवी धरून बसायचं. बाहेरच्या बाकावर सात-आठ जणी मांडी दाबून, पदर तोंडाला लावून बसलेल्या, आणि आत मशीन बंद पडून नंबर लांबला की एकमेकींकडे बघून हसू आवरेनासं व्हायचं. हसलं की सगळंच अवघड. मावशी पहिल्या दिवशी चिडली होती, “हा कसला छळ?” छळ नाही. मूत्राशय भरलं की ते वर फुगतं आणि लहान आतड्याची वेटोळी ओटीपोटातून वर ढकलतं, लाईटच्या वाटेतून बाजूला. पिशवी काढलेल्या बायकांत तर याची गरज जास्तच, कारण पिशवीच्या रिकाम्या जागेत आतडं खाली उतरून बसतं. गुदाशयाला मात्र हलायला जागा नाही. ते जिथल्या तिथं मार खातं. हे सगळं एका छापील कागदावर होतं म्हणा, पण कागद इंग्रजीत.

आता आतड्याचं नेमकं काय होतं? हे मावशीला समजावायला मला लासलगाव कामी आलं. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ साली उभारलेलं ‘कृषक’ केंद्र आहे, हे कांदा पिकवणाऱ्या घरात सांगावं लागत नाही. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, साधारण ६० ते ९० ग्रे. (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप.) कांदा तसाच राहतो, चव तीच, पण त्याला कोंब फुटत नाही. कारण कांद्याच्या पोटातला वाढणारा अंकुर तेवढा मरतो. बाकीच्या पाकळ्यांच्या पेशींना विभाजन करायचंच नसतं, त्यामुळे त्यांना फारसं काही वाटत नाही. किरणांचा हा स्वभाव बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच माणसांनी १९०६ सालीच ओळखला होता: जी पेशी भराभर विभागते ती आधी मरते. कॅन्सरवर रेडिएशन चालतं ते याच हिशोबावर.

अडचण अशी की आपल्या आतड्याचं अस्तरही त्या अंकुरासारखंच आहे. ते एकाच पेशीच्या जाडीचं असतं आणि तीन ते पाच दिवसांत नवं होतं. अस्तरात खाली छोट्या खोबणी असतात, तिथं मूळ पेशी बसून रोज नवीन पेशी वर पाठवत राहतात. मावशीला रोज दोन ग्रेच्या आसपास, एकूण पंचेचाळीस ते पन्नास ग्रे मिळणार होते. एकदम दिले असते तर आतडं वाचलं नसतं. तुकड्यातुकड्यानं देतात म्हणून रात्रीतून चांगल्या पेशी थोडी डागडुजी करून घेतात. तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत जुन्या पेशी झडतात तेवढ्या नव्या येत नाहीत. अस्तर विरळ होतं, पाणी शोषलं जात नाही, दूध पचत नाही आणि जुलाब लागतात. एक्स-रे १८९५ च्या नोव्हेंबरात सापडले आणि १८९७ सालीच डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरनं त्यांच्यामुळे पोटाला होणाऱ्या इजेबद्दल लिहून ठेवलं. एवढं जुनं दुखणं आहे हे.

पण हे झालं पेशींचं. नसांचं काय?

नसेची पेशी विभागत नाही. म्हणजे वरच्या हिशोबानं लाईटनं ती सहसा मरत नाही. अस्तर झडत असताना त्याच्या अगदी खाली, केसाहून बारीक असे नसांचे शेंडे जागे असतात. या नसांच्या पेशींचं मुख्य शरीर मणक्याशेजारच्या गाठींत असतं आणि तिथून लांब धागा आतड्यापर्यंत आलेला असतो. आतड्याला स्वतःचं वेगळं मज्जातंतूंचं जाळंही असतं, पण मावशीला आग कळत होती ती या मणक्याकडून आलेल्या संवेदी नसांमुळे. त्यातल्या बऱ्याच नसांच्या टोकावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला चटक्याची वर्दी जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं याच दाराला लागतं. म्हणून मिरची ‘भाजते’, प्रत्यक्षात काही भाजलेलं नसताना. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली हे दार शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. पक्ष्यांमधल्या याच प्रथिनाला कॅप्सायसिन लागत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची कचाकचा का खातो, हे मला हे वाचेपर्यंत कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

तेव्हा मावशीला आतून मिरची चोळल्यासारखं होत होतं त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. सुजलेल्या आतड्यात या नसा हळव्या होतात आणि एरवी कळणारही नाही अशा गोष्टीनं पेटून उठतात.

आता तिचा सल्ला. शीर तोडून टाका. हे करायला सुरी लागत नाही, मिरचीच पुरते. जास्त मात्रेत कॅप्सायसिन दिलं की या नसा आधी पेटतात, मग थकतात आणि मात्रा आणखी वाढवली तर कायमच्या मरतात. हंगेरीत यान्चो घराण्यातल्या शास्त्रज्ञांनी हे काम पिढ्यानपिढ्या केलं. १९७७ साली गाबोर यान्चो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नवजात उंदरांना कॅप्सायसिन टोचलं तर फक्त याच जातीच्या नसा नाहीशा होतात, बाकी मज्जासंस्था शाबूत. हे काम सेगेद या गावातलं. सेगेद म्हणजे त्यांच्या पाप्रिका मिरचीचं माहेर. आपल्याकडे नंदुरबारला असं काही व्हायला हवं होतं असं मला उगाच वाटून गेलं.

हेच हत्यार घेऊन अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत मार्टिन हाउअर-येन्सन आणि जुनरू वांग यांच्या गटानं प्रयोग केले. पद्धत विचित्र पण हुशार आहे. नर उंदराचे वृषण काढून त्या रिकाम्या पिशवीत लहान आतड्याचं एक वेटोळं आणून टाके घालून बसवायचं. जखम भरली की उंदीर नेहमीसारखा जगतो आणि ते वेटोळं शरीराबाहेर लोंबतं. मग लाईट फक्त तेवढ्याच तुकड्यावर टाकता येते, बाकी पोटाला धक्का नाही. काही उंदरांच्या नसा कॅप्सायसिननं मारलेल्या, काहींच्या शाबूत. दोघांना सारखी लाईट.

२००६ साली हे छापून आलं. नसा मारलेल्या उंदरांच्या आतड्याच्या अस्तराची हानी कमी झाली नाही. उलट जास्त झाली.

मला हे वाचून थोडं थांबावं लागलं. आपण पाठ्यपुस्तकात संवेदी नस शिकवतो ती बाणाच्या चित्रानं: त्वचेकडून मेंदूकडे, एकाच दिशेनं. बोर्डाच्या पेपरात तोच बाण काढला की दोन गुण. पण आतड्यातली ही नस पेटली की वर्दी वर जातेच, आणि त्याच वेळी तिच्या खालच्या टोकातून दोन-तीन रसायनं तिथल्या तिथं सुटतात. मेंदूला विचारायला ती थांबत नाही.

त्यातलं एक सीजीआरपी. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, जखमी भागाला रक्त जास्त मिळतं. २०२२ साली हार्वर्डच्या आयझॅक चिऊ यांच्या गटानं उंदरांत आणखी एक गोष्ट दाखवली. आतड्यात चिकट बुळबुळीत थर बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर सीजीआरपी पकडणारी कडी असते आणि नसेनं सीजीआरपी सोडलं की त्या पेशी थर ओततात. या नसा काढून टाकल्या की तो थर पातळ होतो आणि आतड्याला सूज आणली तर इजा जास्त होते. तो थर म्हणजे अस्तर आणि जंतू यांच्यामधला पडदा. लाईटनं अस्तर आधीच विरळ झालेलं असताना हा पडदाही गेला तर काय उरलं? सीजीआरपी अडवणारी इंजेक्शनं आता अर्धशिशीसाठी वापरतात आणि त्यातल्या एका औषधाच्या माहितीपत्रकात जबर बद्धकोष्ठाचा इशारा दिलेला आहे. डोक्याचं औषध आणि आतडं आवळतंय, यावरूनही या रेणूचं पोटातलं वजन कळतं.

दुसरं रसायन सबस्टन्स पी. हे १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडलं. हे जरा भडक डोक्याचं. सूज वाढवतं, आतड्यात पाणी सोडतं, कळ वाढवतं. एकाच नसेच्या टोकात हे दोघं शेजारी राहतात. म्हणून नस मारली की दोघंही जातात आणि हिशोब तोट्यात येतो. लाईटच्या इजेत सीजीआरपी राखणारं आणि सबस्टन्स पी चिघळवणारं, असा आर्कान्साच्या मंडळींच्या कामाचा रोख आहे. म्हणजे शीर ठेवायची आणि तिच्या दोन शब्दांपैकी एकच अडवायचा. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “सासूसारखं झालं की गं. नको म्हणावं तर घर कोण बघणार.” मी यापेक्षा बरं सांगू शकले नसते.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. पण नसांना खेटून आतड्यात मास्ट पेशी असतात, म्हणजे सूज आणणारी रसायनं साठवून ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. नसा त्यांना चेतवतात, त्या नसांना चेतवतात. आर्कान्साच्याच गटानं नसांच्या प्रयोगाआधी, २००० साली, जन्मतःच मास्ट पेशी नसलेल्या उंदरांवर लाईटचा परिणाम पाहिला होता. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या अस्तराची हानी जास्त झाली. मात्र काही महिन्यांनी आतड्यात जो घट्ट वण धरतो, ज्यानं आतडं कडक आणि अरुंद होतं, तो त्यांच्यात कमी होता. जे सुरुवातीला राखतं तेच पुढे वण वाढवतं. त्यामुळे या यंत्रणेत औषध घालायचं तर कोणतं, एवढ्याच प्रश्नानं भागत नाही. कधी घालायचं आणि कधी थांबवायचं, तेही बघावं लागतं. उंदरांत एवढं कळून इतकी वर्षं झाली तरी दवाखान्यात मावशीच्या हातात पडलं ते जुलाब थांबवणारं लोपेरामाइड, जलसंजीवनीची पाकिटं आणि दूध बंद करा ही सूचना. मी यात कोणाला दोष देत नाही. या तिन्ही गोष्टींनी फरक पडला.

खरी मोठी मजल मारली गेली ती आतड्यावर लाईट पडूच न देण्यात. आणि ती आपल्याकडेच, टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात. डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या गटानं मावशीसारख्याच, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पिशवी काढून नंतर लाईट घेणाऱ्या ३०० बायकांवर अभ्यास केला. निम्म्या बायकांना नेहमीच्या त्रिमितीय पद्धतीनं लाईट, निम्म्यांना रोज आतला फोटो काढून, किरणांची तीव्रता जागोजाग कमीजास्त करत, म्हणजे आयएमआरटीनं. तीन वर्षांनी पाहिलं तर आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त उशिरा येणारा त्रास पहिल्या पद्धतीत ४२.४ टक्के आणि दुसरीत २१.१ टक्के. निम्मा. २०२१ साली हे छापलं. तुमच्या घरात कोणाला ओटीपोटावर लाईट घ्यायची असेल तर सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा की आयएमआरटी देणार का, रोजचा फोटो काढणार का. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. विचारल्यावर डॉक्टर रागावले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून स्क्रीनवर आतडं दाखवलं. केशरी रेषेतली ती वेटोळी मी डोळ्यांनी पाहिली.

मिरचीबद्दल दोन शब्द, कारण नाशिककर पहिला प्रश्न तोच विचारणार. चिऊ यांच्या प्रयोगात कॅप्सायसिननं नस चेतवल्यावर उंदरांत तो चिकट थर वाढला, हे खरं. पण तो प्रयोग होता, आणि लाईटनं अस्तर झडलेलं नव्हतं. लाईट चालू असताना तिखट बंदच. माझं वाचून कोणी पेशंटला काळ्या रश्श्याची मिसळ खिलवू नका. मावशीनं ते पाच आठवडे पेज, मऊ भात, ताक आणि केळ्यावर काढले आणि समोर बसून मला ठेचा खाताना अशा नजरेनं पाहिलं की मीच ठेचा बंद केला.

वेदनेबद्दल एक सांगायचं राहिलं. मावशी दुखलं तरी सांगत नसे. मशीनवरची मुलगी रोज विचारायची, “आजी, पोट कसंय?” हिचं उत्तर “बरंय.” तिच्या मते तक्रार केली तर लाईट थांबवतील आणि मुक्काम वाढेल, उळं तिकडे वाळेल. मग मी प्रश्न बदलले. रात्रीतून किती वेळा उठलीस? लघवी कमी झाली का? उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते का? याला “बरंय” हे उत्तर चालत नाही. तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प झाली. त्याच दिवशी सलाईन लावावं लागलं, आणि लाईट थांबली नाही.

लाईट संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत पोट रुळावर आलं. मूळ पेशी वाचलेल्या असतात, त्या परत कामाला लागतात. पण वण धरायची गोष्ट महिन्यांची, कधी वर्षांचीही असते. म्हणून आता वहिनीला, म्हणजे मावशीच्या सुनेला, फोनवर माझी यादी दिलेली आहे: शौचात रक्त, पोट फुगून उलट्या, जेवलं की कळ, वजन घटणं. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता नाशिक गाठायचं, आणि गावातल्या डॉक्टरनं मूळव्याध म्हणून मलम दिलं तरी त्याला आधी सांगायचं की लाईट झालेली आहे. परवा वहिनी म्हणाली की आत्याबाई रात्रीच्या उठल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. तर कांद्याला पाणी भरायला गेल्या होत्या, शेतीची वीज रात्री बाराला येते म्हणे.